दाखलाही खरा, फोटोही खरा

अन्याय झाला तो ईश्वरीवर. गेल्या हिवाळ्यात, तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धांच्या पहिल्याच दिवशी सकाळी, लहान गटातल्या मुलींचा खो-खोचा सामना सुरू व्हायच्या ऐन वेळी. ईश्वरी तेव्हा तिसरीत होती. वय सव्वाआठ. समोरच्या संघाच्या शिक्षकांनी तिच्याकडं बोट करून सांगितलं की ही मुलगी लहान गटातली नाहीच, मोठी मुलगी लहान म्हणून घुसवलीय. तिच्या सरांनी जन्मदाखला पुढं केला. पंच म्हणाले, दाखले काय, कुणीही काढून आणतो. मग तिथं हजर असलेल्या एका बाईंना सांगण्यात आलं की हिला जरा बाजूला नेऊन विचारा. बाईंनी तिला पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि विचारलं, "खरं सांग, तुला महिन्याला बाजूला बसावं लागतं का?"

ईश्वरीला प्रश्नच कळला नाही. ती गप्प उभी राहिली. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "काही बोलत नाही. आता समजून घ्या."

सगळ्यांनी समजून घेतलं. संघ बाद झाला. बाकीच्या पोरी रडल्या, आणि त्यांच्यातली एक रडता रडता ईश्वरीला म्हणाली की तुझ्यामुळं झालं.

ईश्वरी हे तिचं खरं नाव नव्हे. गाव कोरेगाव आणि लोणंद यांच्या मधलं कुठलंतरी समजा. तालुका लिहीत नाही, कारण तो लिहिला की शेजारच्या तालुक्यातले लोक सुटल्यासारखं वाटून घेतील.

मी सांगलीची. मुलींच्या आरोग्यावर काम करणारा आमचा एक लहानसा गट आहे. सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे आम्ही एसटीनं, पॅसेंजरनं आणि एका खटारा स्कूटीनं पालथे घालतो. पत्रकं लिहिणं, छापून आणणं, वाटणं, अंगणवाडीत आणि शाळेत आयांच्या बैठका घेणं, हे माझं काम. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हणून सांगितलं. माझं वय आठवणी लिहिण्याचं नाही. पण राग आला की तो कागदावर काढायची सवय पत्रकांनी लावलीय, म्हणून लिहितेय.

काम नेमकं काय ते आधी सांगते. काही मुली फार लवकर वयात यायला लागतात. फार लवकर म्हणजे किती, तर आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत शरीरात खुणा दिसायला लागल्या, किंवा दहाच्या आत पाळी आली, तर ते डॉक्टरला दाखवायचं. घाबरायचं नाही, पण दाखवायचं. पुष्कळदा काही निघत नाही. कुणाच्या नुसत्या अंगावरच्या चरबीला आई घाबरलेली असते. कुणाची मुलगी अकरा वर्षांची असते, तिला पाळी आलेली असते, आणि आई मान खाली घालून बसलेली असते. त्या आईला आम्ही सांगतो की हे वेळेवर आहे, घरी जा, मुलीला नीट समजावून सांगा आणि तिला शिऱ्याबिऱ्याचं काहीतरी करून घाला. ती आई जाताना इतकी हलकी होऊन जाते की दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. पण मधूनच एखादी मुलगी अशी येते की तिच्या बाबतीत थांबून चालत नाही. आम्ही डॉक्टर नाही. आमचं काम डॉक्टरच्या दारापर्यंतचं. आणि ते दार फार लांब असतं, कारण मध्ये सगळं गाव बसलेलं असतं आणि प्रत्येकाकडं कारण तयार असतं.

सगळ्यात लाडकं कारण ब्रॉयलरचं. कोंबड्यांना इंजेक्शनं देतात, त्या पोरी खातात, म्हणून पोरी फुगतात. बैठकीत हे कुणीतरी बोललं नाही असं झालेलं नाही. मी पूर्वी त्यावर वाद घालायचे. आता सांगलीच्या एका घराची गोष्ट सांगते. हळदीच्या पेठेतलं जैन कुटुंब, बांधून ठेवल्यासारखं शिस्तीचं. त्यांची सून माझ्याकडं आली. मुलगी सात वर्षांची, छातीत गाठ लागते, दुखतं म्हणते. आई बिचारी कॅन्सरच्या भीतीनं अर्धी झालेली. बरोबर आलेले सासरे बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होते. त्यांनी तिथूनच विचारलं की हे त्या कोंबड्यांमुळं होतं ना, आमच्या मोतीबिल्डिंगमधले सगळे तसंच म्हणतात. सून हळूच म्हणाली, "मामंजी, आपल्या घरात कांदा येत नाही. कोंबडी कुठनं येईल?"

बाहेर खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. मग सासऱ्यांनी विचारलं, "मग दुधामुळं असेल?"

हसू येतं, पण हसण्यासारखं नाही. आजाराचं कारण अन्नात सापडलं की दोष आईचा होतो. काय घालत होतीस पोरीला, कुठलं तेल, कुठलं बिस्कीट, मोबाईल किती वेळ देत होतीस. बहुतेक मुलींच्या बाबतीत डॉक्टरांनाही एक असं ठाम कारण सापडत नाही. मेंदूकडनं शरीराला जो निरोप तीन-चार वर्षांनी जायचा, तो लवकर जातो. कधी त्यामागं दुसरा आजार असतो, तो तपासून बघतात. लठ्ठपणाचा हातभार असू शकतो. पण आईनं शिजवलेल्या भाजीत ते नसतं. त्या जैन कुटुंबानं मुलीला महिन्याच्या आत तज्ज्ञ डॉक्टरांकडं नेलं. शिस्तीचं घर, सांगितलं की करतात. आज ती मुलगी ठीक आहे आणि मामंजी अजून दुधावरच संशय धरून आहेत. धरू देत.

आता ईश्वरीकडं येते.

स्पर्धेनंतर चारेक महिन्यांनी त्यांच्या गावात आमची बैठक होती. ईश्वरीबद्दल तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं. अंगणवाडीच्या खोलीत बायका बसलेल्या, मी पत्रकं वाटत होते. बैठक संपली, बायका उठल्या, एक मात्र सतरंजीची घडी घालायला मागं राहिली. घडी घालून झाली तरी ती जाईना. तिचं नाव सविता. पदराखाली मोठं चौकोनी पाकीट होतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं ते माझ्यापुढं धरलं.

"ताई, तुमी लिवता न्हवं कागद? मला येक अर्ज लिवून द्या. ह्यो फोटू खोटा हाय म्हणून."

फोटो म्हणजे एक्स-रे. डाव्या हाताचा, मनगटासकट. लहान मुलीचा हात. बरोबर एक टाइप केलेला कागद होता. त्यात म्हटलं होतं की हाडांवरून वय अकराच्या आसपास दिसतं. खाली सही, शिक्का, आणि त्यापुढं काही नाही.

मग सवितानं मैदानावरची हकीकत सांगितली, जी मी वर लिहिलीय. ती सांगताना ती ईश्वरीचं नाव घेत नव्हती. आमची पोरगी, आमची पोरगी असंच म्हणत होती. संघ बाद झाल्यावर शाळेत चर्चा झाली. सर चांगले होते. त्यांना वाटलं की आपली मुलगी खरी आहे तर ते सिद्ध करून दाखवू. मोठ्या स्पर्धांत खेळाडूंचं वय हाडांवरून ठरवतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनीच सुचवलं की हाताचा फोटो काढा आणि तोंडावर फेका त्यांच्या. आईबाप गेले, फोटो काढला. फोटोनं अकरा सांगितलं.

त्या दिवसापासून घरात ईश्वरीच्या जन्मावर चर्चा सुरू झाली. नणंद म्हणाली, दाखला काढताना काही घोळ झाला असंल. शेजारीण म्हणाली, दवाखान्यात बाळं बदलतात. सरांनी पुन्हा विषय काढला नाही. आणि सविता रोज भाकरी थापताना स्वतःशी हिशोब घालत बसायची, आपण हिला कवा जन्म दिला ते.

"मी जन्म दिला ताई तिला. मला कळंना व्हय, कवा दिला त्ये? का माझंच डोस्कं फिरलंय?"

मी सतरंजी पुन्हा उलगडून बसले आणि तिलाही बसवलं. मी तिला विचारलं की मुलगी गेल्या वर्षात एकदम उंच झाली का. व्हय. कपडे सारखे आखूड होतात का. व्हय. शरीरात बदल दिसायला लागले ते कधी. मग म्हणाली की दुसरीत असताना. तिनं ते सगळ्यात आधी बघितलं होतं आणि लपवलं होतं. फ्रॉक बंद केले, मोठ्या भावाचे ढगळे शर्ट घातले, उन्हाळ्यातसुद्धा आतून बनियन. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली की काही पोरी लौकर भरतात, बोभाटा करू नको.

तेव्हा मी तिला सांगितलं ते असं. दाखला खरा आहे. तुझी मुलगी साडेआठचीच आहे. आणि हा फोटोही खरा आहे. तिची हाडं तिच्यापेक्षा पुढं पळालीत. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही खरं आहे म्हणूनच तिला डॉक्टरांकडं न्यायचंय.

सविता माझ्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं भीतीनं. पण ती म्हणाली, "म्हंजी ती खोटं बोलली न्हाई."

एवढ्यासाठी चार महिने. फोटो काढणाऱ्यानं बघितला, कागदावर सही करणाऱ्यानं बघितला, सरांनी बघितला. शिकलेली माणसं. समोर तिसरीतल्या मुलीचा जन्मदाखला आणि अकरा वर्षांची हाडं. त्यांतल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला की खोटं कोण बोलतंय. असं का झालं असेल, हा प्रश्न एकानंही विचारला नाही. आजाराचा पुरावा हातात होता आणि तो गुन्ह्याचा पुरावा म्हणून कपाटावर पडून राहिला.

अर्ज मी लिहिला नाही. सांगलीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. लहान मुलांच्या वाढीचे आणि हार्मोन्सचे आजार बघणाऱ्या त्या डॉक्टरबाई आहेत. आमच्या भागात असे डॉक्टर मोजकेच. पण वेळ मिळाली तरी माणसं निघायला पाहिजेत. सवितानं निरोप पाठवला की तिचे मालक तयार नाहीत, तुम्हीच येऊन बोला.

ईश्वरीचे वडील सुभाषराव. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, आता लोणंदला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षेला. सुट्टीच्या दिवशी मी गेले. अंगण झाडून लख्ख, चपला एका ओळीत. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले, आणि ईश्वरीला हाक मारून दाराशी उभं केलं. भावाचा शर्ट घातलेली, खांदे पुढं पाडून चालणारी मुलगी. उंच मुली स्वतःला लहान करायला चालतात तशी.

"सीधी खडी हो," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "बघा मॅडम. वर्गात सगळ्यात टॉप. मास्तरणीच्या बरोबरीला आली. आमच्या खानदानात एवढी उंच पोरगी झाली न्हाई. मैदानावर काय झालं ते सोडा, त्यांच्या पोटात दुखलं. मी हिला पोलीस भरतीला उतरवणार. निम्म्या पोरी तिथं उंचीतच बाद होतात. आणि तुमी म्हणता सुया देऊन हिची उंची थांबवा?"

त्यांना ते तसं कुणीतरी सांगितलं होतं. शेजारचा एक मेडिकलवाला म्हणाला होता की वयात येणं थांबवणाऱ्या सुयांनी वाढ मंदावते. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. हा सगळा विषय असाच आहे. दिसतं त्याच्या उलटं असतं. लवकर वयात येणारी मुलगी आज वर्गात सगळ्यात उंच असते. म्हणून बापाला अभिमान, आजीला दृष्ट काढायची घाई, खेळाच्या सरांना आनंद. पण हाडं पुढं पळतात तशी ती लवकर मिटतातही. बाकीच्या मुली वाढत राहतात आणि ही थांबते. तिसरीतली सगळ्यात उंच मुलगी दहावीत सगळ्यात बुटकी होऊ शकते.

आमच्या पहिल्या पत्रकात हे शास्त्रीय शब्दांत लिहिलं होतं. बायकांनी त्यात शेंगदाणे बांधून नेले. नंतर मी ते उसावर आणलं. उसाच्या पट्ट्यात राहायचं आणि शास्त्र शिकवायचं तर दुसरं काय वापरायचं. एका ताईंनी मला झापलं होतं की आमच्या पोरी काय ऊस आहेत का, तोलून गाडीत भरायला. त्यांचं बरोबर होतं. पण समजतं ते त्यानंच.

मी सुभाषरावांना विचारलं, "तुमच्या रानात ऊस आहे ना? तुरा आल्यावर तो वाढतो का?"

"न्हाई. तुरा आला म्हंजी वाढ खलास."

"आणि वेळेच्या आधी तुरा आला तर?"

ईश्वरी दारातच उभी होती, तिला आत जा असं कुणी सांगितलं नव्हतं. सुभाषराव तिच्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, उसाचा तुरा थांबवता येत न्हाई."

"उसाचा नाही. पोरीचा येतो. वेळेत गेलं तर."

सविता आतून बाहेर आली. नवऱ्यासमोर ती फार बोलत नसावी, कारण बोलताना तिनं माझ्याकडं तोंड केलं होतं. "त्यास्नी सांगा ताई, मला पोलीस नको. मला माझी पोरगी साडेआठाची पायजे."

चहा आला. चहा घेताना सुभाषरावांनी मला विचारलं की लोणंदवरून सांगलीला सकाळची गाडी कितीला असते. रेल्वेच्या वेळा त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या. मी काय ते समजले.

आम्ही चौघं गेलो. गाडीत ईश्वरी खिडकीशी बसून होती. कराडपर्यंत गप्प. मग समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी प्रेमानं विचारलं, कितवीत आहेस, सातवीत का. ईश्वरीनं आईकडं बघितलं. खरं सांगितलं तर पुन्हा खोटी ठरू, ही भीती मी एवढ्या लहान तोंडावर पहिल्यांदा पाहिली. सुभाषरावांनीच उत्तर दिलं, "तिसरीत. साडेआठची हाय." आवाज गेटवरच्या ड्युटीचा होता.

दवाखान्यात माणसं भरपूर. डॉक्टरबाईंनी आधी उंची-वजन घेतलं, शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकानं मागं घेतलेली उंची किती होती ते विचारलं, कपाटावरचा फोटो उजेडावर धरून नीट बघितला. फोटो चांगला काढलाय म्हणाल्या. सविताशी वेगळं बोलल्या, कधीपासून काय दिसतंय ते विचारलं. रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, सोनोग्राफी लिहिली, डोक्याची तपासणी लागेल का ते रिपोर्ट बघून ठरवू म्हणाल्या. कुणालाही दोष दिला नाही. मला या बाई आवडतात त्या यासाठी. सवितानं स्वतःच विचारलं की मी दुसरीतच आणली असती तर बरं झालं असतं का. डॉक्टरबाई म्हणाल्या की हो, बरं झालं असतं, पण आज आलात हे उशिराचं असलं तरी वेळेतलं आहे. पाळी अजून सुरू झालेली नाही, हाडं मिटलेली नाहीत.

मग त्यांनी बापाला समजावलं. हे औषध उंची खात नाही, घाई थांबवतं. मेंदूकडनं आलेला निरोप तात्पुरता बंद ठेवायचा. ठरावीक अंतरानं सुई. मुलगी योग्य वयाला आली की सुई बंद करायची, मग सगळं आपोआप आपल्या वाटेनं पुढं जातं. मधल्या काळात वाढीचा वेग कमी दिसेल, तेव्हा घाबरून मध्येच सोडायचं नाही. पुढं मूल होण्यात अडचण येते का, हे सुभाषरावांनी फार अवघडून विचारलं. नाही, असं त्यांना सरळ उत्तर मिळालं. प्रत्येक मुलीला सुई लागतेच असंही नाही, तपासण्या आल्यावर बोलू, हेही त्या म्हणाल्या.

हे सगळं मोठ्यांचं चाललं होतं. ईश्वरी स्टुलावर बसून होती. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं की तुला काही विचारायचं आहे का. कुणी तिला असं विचारेल अशी तिची अपेक्षा नसावी. तिनं बराच वेळ शर्टाचं बटण फिरवलं आणि मग इतक्या हळू आवाजात विचारलं की आम्हाला वाकून ऐकावं लागलं.

"सुई घेतली की मी परत लहान हुईन?"

डॉक्टरबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बाळा, तू लहानच आहेस."

त्या मैदानापासून त्या खोलीपर्यंत हे वाक्य तिला कुणीही ऐकवलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तिच्या हाडांबद्दल बोलत होते, तिच्या आईशी, तिच्या बापाशी. सुभाषराव उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. फौजी माणूस, पाठ अगदी ताठ. सवितानं ईश्वरीला जवळ ओढलं आणि तिच्या कॉलरची घडी नीट करत बसली, जणू तेवढंच काम राहिलं होतं.

तपासण्या झाल्या. दुसरा कुठलाही आजार निघाला नाही. सुया सुरू झाल्या. सुभाषराव रजा टाकून दर वेळी स्वतः घेऊन येतात. मेडिकलवाल्याला त्यांनी काय सुनावलं ते मला सवितानं सांगितलं, पण ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

मी स्पर्धेच्या संयोजकांपैकी एकांना भेटले. डॉक्टरांचं पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की आम्हाला कसं कळणार. मी म्हटलं, तुम्हाला कळायची गरज नव्हती, दाखला समोर होता. ते म्हणाले, अहो, पण लोक खोटे दाखले आणतात. आणतात, मला मान्य आहे. मोठी मुलं लहान म्हणून उतरवणारी शाळा असते, तिला पकडा, जरूर पकडा. पण तिसरीतल्या मुलीला टाकीमागं नेऊन तिला न कळणारा प्रश्न विचारायचा आणि तिचं गप्प बसणं हे उत्तर धरायचं, ही पकडायची रीत नाही. मी मागितलं होतं की तिच्या शाळेला पत्र लिहून चूक मान्य करा. ते बघू म्हणाले. अजून बघतायत.

ईश्वरी आता चौथीत आहे. भावाचे शर्ट सुटलेत, फ्रॉक घालते. उंची किती भरेल ते आज कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टरबाईसुद्धा नाही. एक वर्ष गेलं ते गेलंच, ते हाडांत बसलंय, कुठल्याही सुईनं परत येणार नाही. सर तिला सरावाला बोलावतात. ती जात नाही. दुपारी शाळेच्या कट्ट्यावर बसून बाकीच्यांचा खेळ बघते, आणि कुणी चुकीच्या बाजूला वळलं की तोंडातल्या तोंडात ओरडते. मी तिला कधीही आग्रह केला नाही. आग्रह तिला करायचा नाहीये.

आग्रह तुम्हाला करायचाय. तुमच्या घरात, वर्गात किंवा गल्लीत दुसरी-तिसरीतली एखादी मुलगी आहे. ती अचानक उंच झालीय. तिच्या शरीरात बदल दिसतायत आणि तिची आई तिला ढगळे कपडे घालतेय. वाचता वाचता तुमच्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा आला असेल. शेजारणीला विचारू नका. कोंबडीला, दुधाला, मोबाईलला दोष देत बसू नका. तिच्या उंचीचं कौतुक करू नका आणि तिच्या वयावर संशय घेऊ नका. लेख आवडला म्हणून मला फोनही करू नका. येत्या सोमवारी सकाळी त्या मुलीला, किंवा तिच्या आईला हाताला धरून, बालरोगतज्ज्ञाच्या दारात उभे राहा.